डाव्या कानामागची गाठ

माझा दादा दारू पीत नव्हता. एवढं साधं वाक्य ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना मी वेळेवर सांगितलं नाही, आणि आता सांगते आहे तर त्यांतले बहुतेक उरलेले नाहीत. मी शाळामास्तरीण होते. दुसऱ्यांच्या पोरांना खरं बोलायला शिकवण्याचा पगार घेत होते. त्यामुळे हे लिहिताना मला माझाच राग येतो, आणि तो लपवायचं माझ्या मनात नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. आम्ही भिवंडीत कामतघरला चाळीत राहत होतो. दादा, वहिनी आणि मी. आईवडील मी लहान असतानाच गेले होते. गाव आमचं आत, अकलोलीच्या अलीकडे; तिथली भाताची जमीन चुलते कसत. दादाने चौथीतून शाळा सोडली, आधी कांड्यांवर सूत भरायला आणि मग लूमवर, यंत्रमागावर, लागला. त्याच्या डबल शिफ्टवर मी डी.एड. झाले. मला नगरपालिकेच्या शाळेत नोकरी लागली त्या दिवशी त्याने कारखान्यात पेढे वाटले होते आणि प्रत्येक लूमपाशी थांबून, ‘माझी बाय मास्तरीण झाली,’ असं सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे ओठांनी. चालू शेडमध्ये आवाजाने बोलून उपयोग नसतो. चाळीस लूम एकदम धडधडत असतात, आडवं सूत नेणारे धोटे इकडून तिकडे आपटत असतात. तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात आणि हाताच्या खुणा करतात. सुताची तार तुटली, कांडी संपली, मुकादम येतोय, चहा सांग, सगळं खुणेने. विणकर घरी आला की त्याच सवयीने समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघत बसतो. आमच्या चाळीतली अर्धी माणसं बहिरी आणि उरलेल्यांचे घसे ओरडून बसलेले, असा प्रकार होता.

अशा वस्तीत एखाद्याचा कान गेला तर कोणाला कळणार? दादाचा डावा कान हळूहळू बंद झाला. त्यात सारखी शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा. त्याने कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात त्याला काही वाटलं नाही. लूमवर कान जातातच. मी डावीकडून हाक मारली की तो ओ देत नसे आणि मला वाटे, हा मुद्दाम ऐकत नाही. ज्ञानेंद्रियांचा धडा मी दरवर्षी शिकवायचे. फळ्यावर कान काढायचे, त्यात तोल सांभाळणारा भाग वेगळ्या रंगाच्या खडूने भरायचे. लूम दोन्ही कानांना सारखंच बडवतं, मग एकच कान कसा गेला, हा प्रश्न त्याला पडला नाही हे समजू शकतं. मला पडला नाही याला काय म्हणावं?

मग त्याची चाल बिघडली. पाय फाकवून चालायला लागला. चाळीच्या जिन्यावर भिंत धरायचा, अंधार पडला की जास्तच लडबडायचा. सकाळी उठला की डोकं धरून बसायचा आणि कधीकधी मोरीत जाऊन भडाभडा ओकायचा. ओकल्यावर तोंडाला बरं वाटावं म्हणून लवंग चघळायचा. जेवताना डाव्या बाजूने भाताचं शीत ओठाला चिकटलेलं असायचं आणि त्याला त्याचा पत्ता नसायचा. बोलणंही जरा जाड झालं होतं.

आता हे सगळं एका माणसात बघा आणि भिवंडीत बघा. खाडीकाठच्या हातभट्टीची कामतघरला कमी नव्हती. पगाराच्या दिवशी गटारात पडलेली माणसं आम्ही ओलांडून जात होतो. जो झोकांड्या खातो, सकाळी डोकं धरतो, ओकतो आणि वर लवंग खातो, तो दारुड्या. यात विचार करायला जागाच कोणाला दिसली नाही. लवंग तर वास मारायलाच खातात, हे चाळीतल्या पोरांनाही माहीत होतं.

वहिनी एकटी म्हणायची, “वन्स, मी रोज त्यांच्या बाजूला निजते. तोंडाला वास न्हाय. ते पेत न्हाईत.”

मी म्हणाले, “वहिनी, तू त्याला पाठीशी घालतेस म्हणून हे चाललंय.”

ती अंगठा उठवणारी बाई आणि मी सही करणारी. त्यामुळे तिचं म्हणणं खरं असू शकेल हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

त्याच सुमाराला मला बघायला माणसं आली. मुलगा शिक्षकच होता, घर बरं होतं, मला मनातून हवं होतं. दादाने सकाळपासून धावपळ केली, नवा सदरा घातला. चहा शेजारणीकडे केला होता. ट्रे मी नेणार होते, पण दारापाशी दादाने तो माझ्या हातून घेतला आणि म्हणाला, “गरम हाय, मी नेतो.” आणि उंबऱ्यातच त्याचा पाय असा काही वळला की ट्रेसकट तो मुलाच्या वडिलांच्या अंगावर गेला. त्यांच्या धोतरावर चहा सांडला. दादा ओशाळून हसला. तोंडात लवंग होतीच. मुलाच्या वडिलांनी एक मोठा श्वास घेतला, मुलाकडे पाहिलं आणि उठले. चार दिवसांनी निरोप आला की मुलगी पसंत आहे पण योग नाही. योग कशाने नाही ते सगळ्या चाळीला माहीत होतं. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही असं वाटलं. माझं नाक कापलं गेलं होतं, आणि ते परत बसवायचं मी ठरवलं.

आमच्या गावात दारू सोडवायची एक रीत होती. माणसाने अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात स्नान करायचं, ओल्या अंगाने गावदेवीपुढे यायचं आणि चार जाणत्या माणसांसमोर नारळावर हात ठेवायचा. पहिल्यांदा कबुली द्यायची की मी पीत होतो. मग शपथ घ्यायची की आता पिणार नाही. कबुली दिल्याखेरीज शपथ लागू होत नाही. दोन्ही झालं की नारळ फोडून प्रसाद वाटायचा. अशा शपथेने पुष्कळांची दारू सुटलेली मी पाहिली होती, म्हणून त्या रीतीला मी नावं ठेवणार नाही. तिच्यात खोट नव्हती. तिच्यापुढे चुकीचा माणूस मी उभा केला.

दादा यायला तयार नव्हता. तो म्हणाला, “बाय, मी पेतच न्हाय गं.” मी म्हणाले, “मग घाबरतोस कशाला?” मग तो निघाला. एस.टी.ने आम्ही तिघं गेलो, वहिनीही बरोबर होती. रस्त्याच्या प्रत्येक वळणाला तो पुढच्या सीटची दांडी घट्ट धरत होता.

कुंडात उतरून तो पाण्यात बसला आणि थोड्याच वेळात पांढराफटक पडला. काठावर येऊन ओकला. चुलते माझ्याजवळ उभे होते. “घाण भायेर पडतेय,” ते म्हणाले. “पडू दे.” मीही मान हलवली. मला बरंच वाटलं.

गावदेवीपुढे पाच-सहा माणसं जमली होती. चुलत्यांनी नारळ ठेवला आणि म्हणाले, “आधी कबूल कर.”

दादा ओल्या कपड्यांत कुडकुडत होता. म्हणाला, “काका, पेलोच न्हाय तर कबूल काय करू?”

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कोणीतरी म्हणालं, असं असेल तर घरी जा, देवीला तसदी कशाला. तिथे ते मिटलं असतं. मीच पुढे झाले. मी त्याच्या समोर उभी राहिले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “दादा, मला शिकवलंस ते जन्मभर लोकांची बोलणी ऐकवायला आणि बिनलग्नाची ठेवायला का? मला तुझी लाज वाटते. शाळेत कोणी विचारलं तर मला भाऊ नाही असं सांगावंसं वाटतं.”

तो सवयीप्रमाणे माझ्या ओठांकडे बघत होता. माझा एकही शब्द त्याच्या नजरेतून सुटला नाही. मग त्याने खाली वाकून, एका हाताने खांब धरून, दुसरा हात नारळावर ठेवला.

“पीत होतो,” तो म्हणाला. “आता न्हाय पिणार.”

परतीच्या एस.टी.त मी खुशीत होते. हे लिहायला हात धजत नाही, पण खरं आहे. खोबऱ्याचा तुकडा खात मी खिडकीबाहेर बघत होते आणि पुढच्या स्थळाचा विचार करत होते. वहिनी दादाचे ओले कपडे मांडीवर घेऊन त्याच्याजवळ बसली होती.

शपथेने डोक्यातली गाठ विरघळत नाही. पण आमच्यापैकी कोणाला गाठ ठाऊकच नव्हती. दादा आणखी झोकांड्या खायला लागला आणि आता तो नुसता दारुड्या राहिला नाही, शपथ मोडलेला दारुड्या झाला. ते दहापट वाईट. चुलत्यांनी निरोप पाठवला की गावच्या उत्सवाला येऊ नको. एका सकाळी शिफ्टमध्ये तो चालू लूमवर कोसळला. बाजूच्या लूमवरच्या विणकराने पट्टा सरकवून लूम बंद केलं म्हणून हात वाचला. मुकादमाने त्याला घरी पाठवलं आणि परत बोलावलं नाही.

तो बाजूचा विणकर उत्तरेकडचा होता. दादाबरोबर सात-आठ वर्षं उभा राहिलेला. तो मला शाळेच्या दारात भेटायला आला. टोपी हातात धरून म्हणाला, “बहनजी, ये पीता नहीं है। बारह घंटे मेरे सामने रहता है, मैं नहीं जानूँगा? इसको कोई बीमारी है। डॉक्टर को दिखाइए।”

मी म्हणाले, “आप उसके दोस्त हैं, आप तो यही कहेंगे।” आणि वर्गात निघून गेले. मुलांना शुद्धलेखन घातलं.

मी दादाशी बोलणं टाकलं. एका खोलीत राहून बोलणं टाकायला मेहनत लागते, ती मी घेतली. दोन महिने. तो घरीच असायचा, भिंतीला टेकून. मी ताट वाढून घेऊन दाराकडे तोंड करून जेवायचे.

शेवटी जे झालं ते वहिनीमुळे. त्याला अंधुक दिसायला लागलं, उठता-बसता डोळ्यांपुढे काळं यायला लागलं, तेव्हा तिला वाटलं चष्मा लागला असेल. मला न विचारता ती त्याला धरून ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्या डॉक्टरने बॅटरीसारख्या यंत्राने त्याच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं आणि चष्म्याचा नंबर न काढता चिठ्ठी लिहून दिली. डोळ्यांच्या मागे सूज होती. डोक्यात दाब वाढला होता. आजच्या आज मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्या, असं त्याने सांगितलं. वहिनीला मुंबईचं काही माहीत नव्हतं. म्हणून ती चिठ्ठी घेऊन माझ्या शाळेत आली.

इस्पितळात मेंदूच्या विभागातल्या डॉक्टरांनी दादाला तपासलं तेव्हा मी तिथे उभी होते. आतासारखी डोक्याचे काप दाखवणारी यंत्रं तेव्हा आमच्या वाट्याला नव्हती. डॉक्टर हातांनी आणि डोळ्यांनी शोधत होते. त्यांनी कापसाचं टोक दादाच्या उजव्या बुबुळाला लावलं, डोळा मिटला. डाव्याला लावलं, मिटला नाही. उजव्या कानात गार पाणी सोडलं, दादाला गरगरलं. डाव्यात सोडलं, काहीच झालं नाही. मग त्यांनी त्याला फरशीच्या रेघेवर टाचेला चवडा लावून चालायला सांगितलं. तो दोन पावलांत डावीकडे कलंडला आणि लगेच माझ्याकडे बघून म्हणाला, “पेलो न्हाय डॉक्टर, बहिणीला विचारा.”

डॉक्टर म्हणाले, “माहीत आहे. डावा कान कधीपासून बंद आहे?”

“चार वरसं झाली.”

चार वर्षं. मी तेव्हा त्याच्याच घरात, त्याच्याच अन्नावर होते.

कवटीच्या एक्स-रेत डाव्या कानाच्या नसेचं हाडातलं भोक उजव्यापेक्षा रुंद झालेलं दिसलं. नंतर मेंदूच्या पोकळीत हवा सोडून आणखी एक्स-रे काढले. निदान पक्कं झालं तेव्हा डॉक्टरांनी मला बोलावलं. मी शिक्षिका आहे कळल्यावर ते म्हणाले, “बाई, मग तुम्हाला नीट सांगतो.” माझ्याच वहीचा कागद घेऊन त्यांनी डोकं काढलं.

मी पहिला प्रश्न विचारला की कॅन्सर आहे का. ते म्हणाले, नाही. मी सुटकेचा श्वास टाकला तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. “कवटी म्हणजे बंद डबा आहे. पोटात गाठ वाढली तर पोट पुढे येतं. इथे पुढे यायला जागाच नाही. त्यामुळे साधी गाठसुद्धा इथे साधी राहत नाही.” रात्रभर आडवं झोपल्यावर आतला दाब वाढतो, म्हणून डोकं सकाळी दुखतं आणि उलटी सकाळी होते, हे त्यांनी सांगितलं. आम्ही ज्याला रात्रीची उतरली नाही म्हणत होतो ते हे होतं.

मग त्यांनी कागदावर एकेक जागा दाखवली. काही गाठी मेंदूच्याच पेशींतून होतात. मेंदूतल्या नसांना आधार देणाऱ्या, त्यांच्यामध्ये भरलेल्या ज्या पेशी असतात, त्यांच्यातून. त्यांना कड नसते. गाठ कुठे संपली आणि चांगला मेंदू कुठे सुरू झाला ते कापणाऱ्यालाही दिसत नाही, म्हणून त्या पुऱ्या निघत नाहीत. काही वर्षानुवर्षं सावकाश वाढतात, काही महिन्यांत माणूस नेतात. काही गाठी मेंदूवरच्या आवरणातून होतात. त्या बाहेरून दाबतात, त्यांना कड असते, बहुतेक वेळा सबंध काढता येतात, आणि बायकांत त्या जास्त सापडतात. काही मूळच्या मेंदूच्या नसतातच. फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर रक्तातून तिथे येऊन बसतो. आणि काही नसांच्या वेष्टनातून होतात. दादाची तशी होती. कान आणि तोल सांभाळणाऱ्या नसेवरची, लिंबाएवढी झालेली, सावकाश वाढणारी, कड असलेली. चार वर्षांपूर्वी, नुसता कान बंद होता तेव्हा, ती वाटाण्याएवढी असेल. “तेव्हा आणलं असतं तर,” ते म्हणाले आणि पुन्हा कागदाकडे वळले. मग म्हणाले, “गाठ कसली आहे याच्याइतकंच ती कुठे आहे हे महत्त्वाचं. जागेवरून माणसाचं वागणं ठरतं, आणि लोक वागण्याला नाव ठेवतात.”

ते नाव ठेवणं मी इस्पितळातल्या तीन आठवड्यांत व्हरांड्यात बसून ऐकलं. दादाच्या शेजारच्या खाटेवर एक कारकून होते. आयुष्यभर शांत, आणि वर्षभरापासून आंघोळ सोडलेले, बायकोला घाणेरड्या शिव्या देणारे. त्यांच्या मुलाने त्यांना मारलं होतं, आणि आता तोच मुलगा रोज त्यांचे पाय चेपत होता. गाठ कपाळामागे होती, जिथे माणसाची रीतभात असते. एका हमालाचे पाय लुळे पडत चालले होते. त्याला कामचुकार म्हणून टोळीतून काढलं होतं, आणि गाठ डोक्यात नव्हतीच, पाठीच्या कण्यात मज्जारज्जूवर दाबत होती. एका बाईचा हात आपोआप उडायचा, तिच्या अंगात येतं म्हणून तिला वर्षभर धुरी दिली होती. आणि एक सात वर्षांची मुलगी होती. रोज सकाळी शाळेच्या वेळेला ओकायची, मान वाकडी करून बसायची, चालताना पडायची. तिच्या आईने मला विचारलं, “तुम्ही मास्तरीण ना? आमच्या बाईंनी तिला शाळाचोर म्हणून बाकावर उभी केली. ती पडली.” लहान मुलांत या गाठी मेंदूच्या मागच्या, तोलाच्या भागात पुष्कळदा होतात, हे मला तोवर कळलं होतं. माझ्या वर्गात सकाळी ओकणारी मुलं मी काय म्हणून बाकावर उभी केली होती ते मी त्या बाईपुढे बसून आठवत राहिले.

ऑपरेशन दिवसभर चाललं. कानामागून कवटी उघडून गाठ काढली. दादा जगला. पण गाठीला चिकटलेली चेहऱ्याची नस वाचली नाही. त्याचं तोंड उजवीकडे ओढलं गेलं, डावा गाल लोंबला, डावा डोळा मिटेना म्हणून पापण्या अर्ध्या शिवून टाकल्या. डोकेदुखी गेली, ओकणं गेलं, चाल काही महिन्यांत पुष्कळ सुधारली. लूमवर परत उभं राहणं मात्र झालं नाही. तो घरी बसून चरख्यावर कांड्या भरायला लागला, वहिनीबरोबर.

मी त्याची माफी मागितली का? मागितली. इस्पितळातच, रडून. तो म्हणाला, “तुला कुठे ठावं होतं, बाय.” एवढंच. इथे हे थांबलं असतं तर मी न कळून चुकलेली बहीण राहिले असते आणि कदाचित मला हे लिहावं लागलं नसतं.

वहिनीने मला एकच मागितलं होतं. “वन्स, गावदेवीला चला. त्याच माणसांपुढं सांगा, हे पेत नव्हते, आजारी होते. तुमचं ऐकतील. माझं ऐकत न्हाईत.” मी हो म्हणाले. परीक्षा होऊ दे, मग जाऊ. पावसाळा संपू दे, मग जाऊ.

मध्येच आमच्या मामीने कोनचं स्थळ आणलं. कल्याण रस्त्यावरचं कोन. जमीनजुमला, रस्त्यावर दुकान, मुलगा कचेरीत नोकरीला. त्यांनी आमची चौकशी केली होती. दादा पीत होता आणि त्याने शपथ घेतली आहे, एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि तरी ते येणार होते. मामी आदल्या दिवशी येऊन बसली. तिने दादाच्या तोंडाकडे बघून मला मोरीपाशी नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, “डोक्यात गाठ होती म्हणून सांगशील तर उद्या तुझ्या पोटच्या पोरांची डोकी तपासतील. डोक्याचा आजार घराण्याला लागतो. दारू काय, घरोघरी हाय. पिऊन सोडलेला भाऊ चालतो लोकांना.”

डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की एकाच बाजूची अशी गाठ सहसा घराण्यात चालत नाही. मी ते मामीला सांगू शकले असते. मी शिकलेली होते, माझ्याजवळ कागद होता. मी म्हणाले, “बघू.”

ते आले. बोलणी झाली, हसणं झालं. मग माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी दादाकडे वळून सरळ विचारलं, “तोंडाला काय झालं हो तुमच्या?”

मामीने माझ्याकडे पाहिलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या बशीकडे पाहिलं. उत्तर माझ्याजवळ होतं आणि मी ते दाताखाली धरून बसले होते. दादाने माझे ओठ बघितले. ते हलत नव्हते.

“दारूनं,” तो म्हणाला. वाकड्या तोंडातून शब्द नीट निघत नव्हते म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. “दारूनं झालं. पर सोडली आता. देवीपुढं.”

सासरे खूश झाले. चारचौघांत कबूल करायला छाती लागते, म्हणाले. लग्न ठरलं. वहिनी उठून आत गेली आणि लग्न होईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलली. गावदेवीला मी गेले नाही. आता गेले असते तर सासरी कळलं असतं.

माझा नवरा वाईट माणूस नव्हता. मी सांगितलं असतं तर त्याने ऐकून घेतलं असतं, हे मला दोन-तीन वर्षांत कळलं होतं. पण तोवर त्याने आपल्या मनात दादाला एक जागा दिली होती, आणि तो त्याच्याशी त्या जागेवरून चांगलं वागायचा. आमच्या घरी दादा आला की आवर्जून सरबत पुढे करायचा. “आमच्या पोराच्या मामांसारखं सोडायला धमक लागते,” असं पाहुण्यांना सांगायचा.

दशक संपत आलं होतं. माझा मुलगा चार वर्षांचा होता. दादा दिवाळीचा फराळ घेऊन कोनला आला होता. मुलगा त्याच्या मांडीवर बसून त्याच्या शिवलेल्या डोळ्याला बोट लावून बघत होता. मग घरात ऐकलेलं सगळं जुळवून त्याने विचारलं, “मामा, तू परत दारू पिणार नाहीस ना?”

दादा माझ्याकडे बघत नव्हता. तो पोराच्या ओठांकडे बघत होता.

“न्हाय रे,” तो म्हणाला.

“शपथ?”

“शपथ.”

मी त्याच खोलीत होते. लाडू डब्यात भरत होते. मी झाकण लावलं आणि विचारलं, दादा, चहा घेशील ना?